चार गॅलनचा डबा

पाण्याच्या नोकरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने पाण्याला घाबरावं, हे हसण्यासारखंच आहे. माझी बायको हसतेही. कुणाकडे गेलो की मी पाण्याचं भांडं आधी नाकाशी नेतो, मग उजेडाकडे धरतो, आणि मगच तोंडाला लावतो. "अहो, विष नाही कालवलेलं कुणी," असं ती चारचौघांत म्हणते. खरं कारण मी तिलाही सांगितलेलं नाही. संपादकांचं पत्र आलं, "नोकरीतले गमतीदार अनुभव पाठवा." गमती आठवायला बसलो, तर त्या बाजूला सरकून पुन्हा पुन्हा हीच एक गोष्ट पुढे येऊन उभी राहू लागली. हिच्यात गंमत बेताची आहे. पण आता नाही लिहिली तर राहून जाईल.

आण्यांऐवजी नवे पैसे येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी बदलापूरला नदीकाठच्या पंपघरात केमिस्ट होतो. केमिस्ट म्हणजे फार मोठं काही नव्हे. इंटर सायन्स झालेला, सव्वीस वर्षांचा, अंबरनाथच्या बुवापाड्यात एका खोलीत राहणारा आणि सायकलने कामावर येणारा एक गुप्ते. नदीचं पाणी उपसायचं, गाळायचं, त्यात जंतू मारणारं औषध घालायचं आणि ते अंबरनाथला व तिथून पुढे उल्हासनगरच्या कॅम्पांना सोडायचं, एवढं आमचं काम. औषध घालायचं ते माझ्या हातात.

हे औषध घालणं म्हणजे आमटीत मीठ घालण्यासारखं आहे. पातेल्यात आमटी किती हे ठाऊक असेल तरच मिठाचा अंदाज बरोबर येतो. फरक एवढाच की आमचं पातेलं वाहतं होतं. नळातून तासाला किती पाणी जातं, हे आधी कळायला हवं आणि त्या मानाने औषध सोडायला हवं. जास्त पडलं तर लोक नाक मुरडतात, शिव्या देतात. कमी पडलं तर कुणी काही बोलत नाही, कारण कमी पडलेलं कुणाला दिसत नाही, की त्याचा वासही येत नाही.

सुरुवातीला आम्ही ब्लीचिंग पावडर वापरत होतो. लाकडी पिंपात कालवायची, निवळ वर आली की थेंबथेंब सोडायची. हे काम धर्मा मुकादमाचं. धर्मा मांजर्लीचा आगरी, पन्नाशीचा, शाळेची पायरीही न चढलेला. पण पाणी किती वाहतंय ते तो पंपाच्या आवाजावरून सांगे आणि मीटरची सुई पाहिली की तो बरोबर निघे. मला तो "मास्तर" म्हणायचा. मी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, पण माझ्या खिशाला दोन पेनं असत, तेवढं त्याला पुरेसं होतं.

आमच्या पावडरीचा वास फार. अंबरनाथ स्टेशनाजवळचा एक हॉटेलवाला दर आठवड्याला बाटलीत चहा भरून तक्रार घेऊन यायचा. "हा चहा आहे की दवाखाना?" असं विचारून तो बाटली माझ्या टेबलावर आपटायचा. एका बाईंनी तर तुमच्या पाण्याने माझ्या मुलीचं लग्न मोडलं असं कळवलं होतं. पाहुण्यांनी म्हणे सरबत तसंच ठेवलं आणि उठून गेले. या तक्रारींची मी एक फाइलच केली होती आणि कंटाळा आला की वाचत असे.

मग वरून हुकूम आला आणि पावडरीऐवजी क्लोरीन गॅसचं जर्मन मशीन बसलं. हिरवट पिवळा विषारी वायू लोखंडी नळकांड्यात दाबून भरलेला. त्याची पहिली भीती मला आठवते. बसवून महिनाही झाला नसेल, एका सकाळी जोडातून गॅस सुटला. डोळे भरून आले, छाती आवळली आणि मी दाराकडे, म्हणजे नदीच्या उताराकडे पळालो. धर्माने मागून माझा सदरा धरला. "खाली नको, मास्तर! वर! ह्यो वारा जड हाय, खाली बसतो!" ओढतच त्याने मला टेकाडावर नेलं. मग तो काठीच्या टोकाला चिंधी बांधून, तिच्यावर अमोनिया ओतून परत आत गेला. जिथे गळतं तिथे अमोनियाचा पांढरा धूर होतो, तो पाहून त्याने जोड आवळला. मी टेकाडावर बसून ओकत होतो.

त्या दिवशी मला वाटलं, या नोकरीत यापेक्षा भ्यायची वेळ येणार नाही. तो माझा अंदाज चुकला.

मशीन जर्मन असल्यामुळे त्याच्यावर सगळे आकडे ग्रॅम आणि घनमीटरचे. आमचं मीटर विलायती, त्याची सुई तासाचे गॅलन दाखवणार. पाटबंधाऱ्याचे लोक आले की क्यूसेकमध्ये बोलायचे, कारखानेवाले मिनिटाचे गॅलन विचारायचे, धर्मा डब्यांत मोजायचा आणि सरकार म्हणत होतं की आता सगळं लिटरमध्ये करा. आमचे इंजिनियर राजाध्यक्षसाहेब आठवड्यातून एकदा कल्याणहून यायचे. ते मला म्हणाले, "गुप्ते, एक तक्ता करा. मीटरवर इतके गॅलन असले की मशीनची खूण इतक्या ग्रॅमवर. म्हणजे तुम्ही नसलात तरी कुणीही लावील."

तक्ता करायचा तर एक गॅलन म्हणजे किती लिटर, हे हवं. मला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा फार जणांना ठाऊक नव्हतं. साहेबांना विचारायची लाज वाटली. केमिस्ट म्हणवणाऱ्याने विचारायचं कसं? तेव्हा मी रविवारी उल्हासनगरला टेकचंद शेठच्या दुकानात गेलो.

उल्हासनगर म्हणजे लढाईच्या वेळचा मिलिटरीचा कॅम्प. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले. मिलिटरी गेली, पण तिचं सामान मागे राहिलं. टेकचंद शेठ ते विकायचे. पाण्याच्या बाटल्या, तंबूचे खुंटे, पाइपाचे पाने, बूट आणि एका कोपऱ्यात पुस्तकं. शिकारपूरला त्यांचं मोठं दुकान होतं म्हणे. इथे ताडपत्रीखाली बसत, पण बसत मात्र त्याच दुकानात बसल्यासारखे. त्यांनी मला खिशात मावेल असं कापडी बांधणीचं एक पुस्तक काढून दिलं. आत सगळे तक्ते. पंप, नळ, दाब, माप. पान उलटलं आणि मिळालंच: एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर.

"ले जाओ साईं," शेठ म्हणाले. "अमेरिकन मिलिटरी का माल है. झूठ नहीं बोलेगा."

ते खोटं बोललं नाहीच. पुढे काय झालं त्यात पुस्तकाचा दोष नाही.

तीन दिवस खपून मी तक्ता केला. तासाला एक लाख गॅलन, म्हणजे ३७८ घनमीटर. दर घनमीटरला एक ग्रॅम औषध, म्हणजे खूण ३७८ वर. पावसाळ्यात त्याच्या दुप्पट. पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत सगळे आकडे काळ्या शाईने, ठळक, वळणदार. माझं अक्षर चांगलं होतं. साहेबांनी एकवार नजर फिरवली, खाली सही केली आणि "फ्रेम करून घ्या" म्हणाले. आमच्या पंपघरात गणपतीचं चित्र होतं, त्याच्या शेजारी माझा तक्ता लागला. येणाजाणाऱ्याला मी तो दाखवत असे.

आणि नवल म्हणजे तक्रारी थांबल्या. हॉटेलवाला यायचा बंद झाला. वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "आता कसं, पाण्यासारखं पाणी आहे!" मी घरी येऊन बायकोला अभिमानाने सांगितलं. एवढी मोठी धोक्याची घंटा वाजत होती आणि मी तिला शाबासकी समजत होतो.

पावसाळा आला. नदी गढूळ झाली. श्रावणातल्या एका सोमवारी मी पाण्याच्या तपासणीची पेटी घेऊन कॅम्पाकडे निघालो. खरं तर तपासणी पंपघराशी आणि अंबरनाथच्या टाकीशी करायची रीत होती. नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत कोण जातो? पण टेकचंद शेठचं दुकान चार दिवस बंद आहे, नात तापाने आजारी आहे, असं कळलं होतं. म्हटलं भेटून यावं आणि तपासणीही दाखवावी. माझं पाणी किती चोख आहे, हे शेठना दाखवायची हौसही होतीच.

शेठ शेवटच्या बराकींपैकी एकीत राहत. ओळीच्या तोंडाशी एक म्हातारा शिंपी दारात मशीन टाकून बसायचा. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्याला घर विचारलं. त्याने पाय न थांबवता सुईकडे बघतच सांगितलं, "नल के सामने, साईं. तीसरा दरवाजा." त्या नळावर चाळीसेक घरं पाणी भरत होती.

शेठ दारातच भेटले. चेहरा उतरलेला. नातीचं नाव मोहिनी, आठ वर्षांची. पडद्यापलीकडे खाटेवर निजलेली होती. डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगितला होता. म्हणजे टायफॉइड. शब्द ऐकला आणि माझ्या हातातली पेटी एकदम जड झाली. हा ताप पाण्यातून येतो, हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक असण्याचाच मला पगार होता.

"मैं ज़रा पानी देखता हूँ," एवढंच म्हणून मी बाहेर नळावर गेलो. परीक्षा साधी असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे काही थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. मी थेंब टाकले. नळी हलवली. आकाशाकडे धरली. पाणी तसंच राहिलं. नळी धुऊन पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा थेंब मोजून टाकले, तरी तसंच. शेठ दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होते.

आत आलो तर शेठच्या पत्नींनी, सगळे त्यांना अम्मां म्हणत, स्टुलावर भाजलेला पापड आणि ग्लासभर पाणी ठेवलेलं. सिंध्यांच्या घरी ही रीत आहे. कोणी आलं की आधी पापड आणि पाणी. गरिबी असो, आजारपण असो, ते चुकत नाही.

"पुट, पापड खा, पाणी पी," अम्मां म्हणाल्या. पुट म्हणजे बाळ.

मी पापडाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. ग्लासाकडे बघितलं. पाणी अगदी नितळ होतं. सहा-सात मैलांवर मी स्वतः गाळलेलं, मीच औषध घातलेलं पाणी, आणि ते उचलायला माझा हात पुढे होईना. पापड तोंडात कोरडाच फिरत राहिला. मग मी म्हणालो, "अम्मां, आज सोमवार है. मेरा निर्जल उपवास है."

"अच्छा, पुट. भगवान तेरी सुने," असं म्हणून अम्मांनी ग्लास उचलला. पडद्याआडून मोहिनीने काहीतरी मागितलं. अम्मां ग्लास घेऊन पडद्याआड गेल्या.

मला ओरडायचं होतं. "देऊ नका" एवढे दोन शब्द. पण ते म्हटले तर पुढचा प्रश्न येणार, का? आणि त्याचं उत्तर दिलं तर माझी नोकरी, साहेबांची सही, माझा फ्रेममधला तक्ता. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि ते आलं याची मला आजही शरम वाटते. मी उठलो, शेठना नमस्कार केला आणि बाहेर पडलो. शिंप्याच्या मशीनशेजारी पाण्याचा लोटा भरून ठेवलेला होता. त्याच्याकडे न बघता मी पुढे गेलो.

सायकल अशी मारली की अंबरनाथच्या चढावर साखळी पडली. वाटेत स्वतःला समजावत होतो की नळ कुठेतरी फुटला असेल, बाहेरचं पाणी आत शिरत असेल. देवा, नळ फुटलेला असू दे, असं मी चक्क मागत होतो. दुपारी पंपघरात पोचलो आणि आमच्याच नळाचं पाणी तपासलं. पिवळं झालं, पण फिकट. व्हायला हवं त्याच्या निम्म्यानेही नाही.

मशीनची खूण पाहिली. तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर. मीटर पाहिलं, बरोबर. तक्त्यातला प्रत्येक गुणाकार पुन्हा केला, बरोबर. मी डोकं धरून बसलो.

धर्मा बाजूला तंबाखू मळत उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, येक बोलू? राग नाय ना?"

"बोल."

"मशीन आल्यापासून वास नाय येत. पयले पाण्याशी गेला का नाक चुरचुरायचा. मी बोललो, नवीन औषद असंल, बिनवासाचा. तुमी शिकलेले. मी कशाला बोलू?"

"मोजमाप सगळं बरोबर आहे रे," मी म्हणालो. "एका गॅलनात पावणेचार लिटरच्या वर थोडं. हे बघ, पुस्तकात छापलंय."

धर्माने पुस्तकाकडे बघितलंही नाही. "ह्यो लिटर कसा असतो? दावा मला."

तपासणीच्या सामानात काचेची एक उभी बरणी होती, लिटरची खूण असलेली. ती दाखवली. धर्मा आत गेला आणि रॉकेलचा रिकामा डबा घेऊन आला. त्या काळी रॉकेल ज्या पत्र्याच्या चौकोनी डब्यातून यायचं तो डबा चार गॅलनचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आम्ही नळाचा ओघ पाहायलाही तोच वापरायचो. डबा तोटीखाली धरायचा, घड्याळ लावायचं.

"ह्यो चार गॅलनचा. माज्या बापाच्या येळेपासून," धर्मा म्हणाला. "तुमचा लिटर यात वता. पुस्तक खरा असंल तर किती मावंल?"

"पंधरा. आणि वर थोडंसं."

ओट्यावर डबा ठेवून आम्ही ओतायला लागलो. मी बरणी भरायची, धर्माने ओतायची आणि मोठ्याने मोजायचं. दहापर्यंत माझं चित्त ठिकाणावर होतं. तेरा. चौदा. पंधरा झाले तरी पाणी काठापासून चांगलं वीतभर नाही तरी चार बोटांच्या जवळपास खालीच होतं. सोळा. सतरा. धर्माचा आवाज हळू झाला. अठरा. अठरावं ओतल्यावर डबा काठोकाठ आला आणि वर आणखी जेमतेम पेलाभर मावलं.

चार गॅलनात अठरा लिटर, म्हणजे एका गॅलनात साडेचार. माझ्या तक्त्यात पावणेचार. म्हणजे नळातून जाणाऱ्या दर सहा भांडी पाण्यापैकी एक भांडं माझ्या हिशेबातच नव्हतं. एक लाख गॅलनला ४५४ ग्रॅम लागत होते आणि मी ३७८ सोडत होतो. कोरड्या दिवसांत हे खपून गेलं. पावसाळ्यात गढूळ पाण्याने तेवढं औषध वाटेतच खाल्लं, आणि शेवटच्या बराकींपर्यंत काहीच उरलं नाही. मोहिनीच्या खाटेपर्यंत.

मी मशीनकडे धावलो. गॅसची भीती कुठल्या कुठे गेली होती. खूण सरकवली, ४५४ ची दुप्पट करून वर आणखी चढवली. "बस करा मास्तर, मानसं मरतील," धर्मा म्हणाला आणि माझा हात धरून त्यानेच खूण थोडी मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला साहेबांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. साहेब दाढी करत होते. पुस्तक हातात घेऊन त्यांनी पहिलं पान बघितलं आणि म्हणाले, "अहो, हे अमेरिकन आहे. अमेरिकन गॅलन लहान असतो. आपला विलायती. एवढं ठाऊक नाही तुम्हाला?"

त्यांना ठाऊक होतं. माझ्या तक्त्यावर सही करतानाही ठाऊक होतं. हे मी तेव्हा बोललो नाही. मी फक्त विचारलं, "कॅम्पात दवंडी द्यावी का? पाणी उकळून प्या म्हणून?"

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "वेड लागलंय का? तीन-चार घरांत ताप आहे, तो पावसाळ्यात असतोच. दवंडी दिलीत तर उद्या सगळा कॅम्प पंपघरावर चालून येईल. तुम्ही जाल, मी जाईन, त्या मुकादमालाही नेतील. औषध वाढवलंत ना? तक्ता बदला. आणि गप्प बसा."

मी तक्ता बदलला. आणि गप्प बसलो.

मुदतीचा ताप तीन आठवड्यांचा. ते एकवीस दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. रोज पेटी घेऊन त्या नळावर जात होतो. चौथ्या दिवशी पाणी पिवळं झालं आणि तेव्हापासून रोज झालं. पण माझ्या डोळ्यांसमोर पडद्याआड गेलेला तो ग्लास होता. शेठच्या घरात पाऊल टाकायचं धैर्य होईना. नळाशी उभा राहून कान देत असे. आत खोकल्याचा आवाज आला की बरं वाटायचं, म्हणजे पोर अजून आहे. एक दिवस आतून काहीच आवाज आला नाही, तेव्हा मी नळाच्या ओट्यावर बसून राहिलो, लोक भांडी घेऊन खोळंबले तरी उठलो नाही. बाविसाव्या दिवशी मोहिनी दारात बसलेली दिसली. केस कापलेले, मान बारीक झालेली. अम्मां तिला पेज भरवत होत्या. मी सायकल वळवून बराकीमागे नेली आणि हमसून हमसून रडलो.

परतताना ओळीच्या तोंडाशी शिंप्याच्या मशीनवर चादर घातलेली होती. शेजारच्या बाईला विचारलं. "चला गया, साईं," ती म्हणाली. "बुखार था. अस्पताल से वापस नहीं आया." म्हाताऱ्याला आधीच दमा होता, असंही ती म्हणाली. माझ्या आकड्याने तो गेला की वयाने, हे मला कुणी सांगू शकलं नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

पुढे माझी बदली झाली. वर्षं गेली. साहेब निवृत्त झाले. धर्मा मांजर्लीला आपल्या घरी वारला. डबा आणि बरणीची गोष्ट त्याने कुणाजवळ काढली नाही. मी मात्र पुढे जिथे जिथे गेलो, तिथे पहिल्या दिवशी रॉकेलचा डबा मागवायचो आणि लिटरने भरून बघायचो. हाताखालची मंडळी हसायची. हसू दे. तक्ता कुणीही करो, सही कुणाचीही असो, मी ओतल्याशिवाय मानला नाही.

निवृत्त होण्याच्या थोडं आधी टेकचंद शेठ मला भेटले. मोहिनीच्या मुलाच्या मुंजीचं आमंत्रण घेऊन ते शोधत शोधत माझ्या घरी आले होते. ऐंशीच्या घरात, पण ताठ. मी गेलो. मोहिनी आता भरल्या अंगाची, सोन्याच्या बांगड्या घातलेली. तिनेच माझ्यापुढे पापड आणि पाण्याचा ग्लास ठेवला. मी ग्लास उचलला. तो तसाच खाली ठेवला. आणि मग शेठना बाजूला बसवून मी सगळं सांगून टाकलं. तक्ता, डबा, खोटा उपास, सगळं. फक्त ते पुस्तक त्यांच्याच दुकानातलं होतं, एवढं सांगायची माझी छाती झाली नाही.

शेठ हसले.

"गुप्ते साहब, मैं दुकानदार आदमी हूँ. सारी उमर ग्राहक का मुँह देखा है. आपने तीन बार शीशी देखी. अंदर आए तो मुँह सफ़ेद. बोले निर्जल उपवास है, और पापड खा रहे थे!"

एवढ्या वर्षांत ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"पानी का साहब मेरे घर का पानी नहीं पीता," शेठ म्हणाले. "मैं समझ गया. परदे के पीछे जाके बुढ़िया के हाथ से गिलास ले लिया, मोरी में फेंक दिया. उसी दिन से घर में पानी उबाला. छह महीना उबाला."

इतकी वर्षं माझ्या छातीवर असलेल्या त्या ग्लासातलं पाणी कुणी प्यायलंच नव्हतं. मी शेठचे हात धरले. मला वाटलं, सुटलो. मी ग्लासातलं पाणी एका दमात पिऊन टाकलं, वास न घेता, उजेडाकडे न धरता.

शेठ रिकाम्या ग्लासाकडे बघत होते. म्हणाले, "आप बोल देते, साईं, तो सारी बराक उबाल लेती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. माझा चेहरा वाचणारा माणूस त्या ओळीत एकच होता आणि मी पापड खायला गेलो होतो तो त्याच्याच घरी. शिंप्याच्या घरी मी गेलो नव्हतो.